हिरव्या गाडीच्या क्लचवरचा पाय

मद्रासच्या पुदुपेटेत, एग्मोर स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर, राणोजीराव घाटग्यांचं दुकान होतं. दुकान आपलं म्हणायचं. एरवी तो दोन भिंतींमधला बोळ होता. वर पत्रा, आत जेमतेम एक गाडी मावायची, आणि ती आत गेली की तिचं एकच दार उघडायचं. पुदुपेटेत कुठल्याही गाडीचा कुठलाही भाग मिळतो, फक्त तो कुणाच्या गाडीतून निघाला हे विचारायचं नसतं. अशा त्या गजबजाटात राणोजीराव सत्तावीस वर्षं एकच काम करत होते, ते म्हणजे क्लच. ब्रेक लागत नसेल तर शेजारी जा, इंजिन धूर ओकत असेल तर समोर जा. क्लच असेल तर आत या आणि चप्पल बाहेर काढा.

हो, चप्पल बाहेर! गिऱ्हाईक डॉक्टर असो की सिनेमातला हिरो, दुकानात अनवाणी यायचं. राणोजीराव स्वतःही अनवाणीच काम करायचे. तंजावर सोडून एकोणिसाव्या वर्षी ते मद्रासला आले आणि बसगाड्यांच्या कारखान्यात लागले, तेव्हापासूनची ही खोड. बुटातून क्लच बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. पॅडल दाबताना तळव्याला जे कळतं ते डोळ्यांना कळत नाही.

आणि खरंच त्यांना कळायचं. गाडीतून काढलेली क्लचची प्लेट म्हणजे काय, ताटलीएवढी एक चकती. तिच्यावर दोन्ही बाजूंनी लायनिंग, म्हणजे घासून पकड देणारा थर, रिव्हेटांनी ठोकलेलं. राणोजीराव ती उजेडात धरायचे, नखानं खरवडायचे, हुंगायचे, आणि मग समोरच्या माणसाला त्याचंच चरित्र ऐकवायचे. "तुम्ही चढावर ब्रेक लावत नाहीं, अर्ध्या क्लचावर गाडी उभी ठेवतां." "तुमचा ड्रायव्हर दुसऱ्या गिअरांत गाडी उठवतो, आळशी आहे." एका वकिलांना तर त्यांनी सांगून टाकलं की तुमची गाडी तुमच्याखेरीज आणखी कुणी चालवतं आणि तो माणूस अजून शिकतो आहे. वकील घरी गेले, चौकशी केली, तर थोरले चिरंजीव दुपारच्या वेळी गाडी बाहेर काढत होते. तेव्हापासून पुदुपेटेत एक वाक्य रूढ झालं: प्लेट खोटं बोलत नाही. हे वाक्य मुळात राणोजीरावांचंच, आणि ते म्हणताना त्यांचं नाक जरा वर जायचं. बायको सईबाई म्हणायच्या, "तुम्हांला प्लेटा वाचतां येतात, माझें तोंड कधीं वाचतां आलें नाहीं." त्यावर राणोजीराव पुढची प्लेट उजेडात धरायचे.

एक्याऐंशी सालच्या जूनमध्ये या दुकानात ती हिरवी गाडी आली. दोन बैठकांची, बुटकी, छत उघडणारी, इंग्लंडची. चहाच्या मळ्यावरचा एक गोरा साहेब मायदेशी परतताना तिरुवल्लिकेणीतल्या राममूर्तींना विकून गेला होता. राममूर्ती कारकून होते, पण त्यांना गाड्यांच्या शर्यतींचं वेड, आणि जन्मभराचा हौसेचा पैसा त्यांनी या एकाच गाडीत घातला. गल्लीतल्या लोकांनी तिचं नाव पच्चैकिळी ठेवलं, म्हणजे हिरवा पोपट. राममूर्ती वारले तेव्हा ती गाडी त्यांनी मुलाला नाही, मुलीला दिली. मुलगी विद्युलता, वय सव्वीस, शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी. थोरला मुलगा सेतुमाधव बँकेत अधिकारी. त्याला गाडी चालवता येत नव्हती, आणि हिशेबी माणसाला न परवडणारी ही वस्तू घरात का आहे हेही त्याला कळत नव्हतं.

त्या जूनमध्ये प्लेट जळाली त्यात नवल काहीच नव्हतं. साहेबाच्या काळातली प्लेट, दहा-बारा वर्षं चाललेली. अशा गाड्यांचं इंजिन जोरकस असतं आणि क्लच बेताचा, त्यामुळे म्हातारी प्लेट एक दिवस हात टेकते. राणोजीरावांनी गिअरबॉक्स उतरवला, नवी प्लेट घातली, क्लच सुटू लागण्याआधी पॅडल नुसतंच खाली जावं इतकी बोटभर मोकळीक ठेवली आणि गल्लीतून एक चक्कर मारून गाडी तयार म्हणून सांगितलं.

गाडी न्यायला विद्युलतेबरोबर तिची आई अंबुजामामीही आल्या. हातात पिवळ्या कापडाचं पुरचुंडं. आत तिरुपतीच्या देवाला बोललेली अकरा नाणी, हळद लावून गाठ मारलेली. लेक फेब्रुवारीत शोळावरमला बायकांच्या शर्यतीत उतरणार होती, नवस त्यासाठीच.

"राणोजीराव, हें गाडीस बांधा. सगळे म्हणतात क्लचच दुबळा. तर क्लचासच बांधा."

राणोजीरावांनी हात साबणानं दोनदा धुतले. पुरचुंडं डोळ्यांना लावलं. मग प्रश्न पडला, बांधायचं कुठं? पॅडलला बांधावं तर त्याला पाय लागणार. देवाच्या नाण्याला पाय? शिव शिव. ते डॅशबोर्डाखाली उताणे शिरले आणि पॅडलचा दांडा वर जिथं संपतो तिथं, पाय पोहोचणारच नाही अशा जागी, त्यांनी तीन गाठी मारून ते घट्ट आवळलं. बाहेर येऊन नमस्कार केला. अंबुजामामींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि राणोजीरावांना आपण फार चांगलं काम केलं असं वाटलं.

सप्टेंबरात गाडी परत आली, खेचून आणलेली. प्लेट जळालेली!

राणोजीरावांनी प्लेट उजेडात धरली. लायनिंग सगळीकडून सारखं झिजलेलं आणि काचेसारखं गुळगुळीत झालेलं, लोखंडावर निळे डाग. त्यांनी वरून खाली मान हलवली.

"विद्याम्मा, तुमचा डावा पाय पॅडलावर निजतो."

"अय्यो मामा, नाहीं! गिअर टाकला की मी पाय बाजूला ठेवतें."

"असें वाटतें. पण पाय लबाड. नुसता टेकला तरी प्लेट इतकीशी सुटते, घसरते, तापते. तुम्हांला पत्ताही लागत नाहीं." आणि नाक वर करून, "प्लेट खोटें बोलत नाहीं, अम्मा."

शेजारी लेथवर काम करणारा रंगा, राणोजीरावांचा वीस वर्षांचा दोस्त, लगेच म्हणाला, "राणोजी बोलला म्हणजे संपलं." आणि ते खरंच संपलं. संध्याकाळपर्यंत पुदुपेटेला कळलं, दुसऱ्या दिवशी सेतुमाधवाला कळलं. नवी प्लेट बसली. अंबुजामामींचं पुरचुंडं राणोजीरावांनी कामाआधी अलगद सोडून देवाच्या तसबिरीपुढे ठेवलं होतं. सगळं झाल्यावर, गल्लीतली चक्करही झाल्यावर, त्यांनी हात धुऊन ते पुन्हा त्याच जागी, त्याच तीन गाठींनी बांधलं.

डिसेंबरात पुन्हा तेच झालं. या वेळी मात्र विद्युलता एकटी आली आणि बाकावर न बसता उभीच राहिली. तिच्या घरी रोज जेवताना तिच्या डाव्या पायाचा विषय निघत होता. सेतुमाधवाने कोइंबतूरच्या एका गिरणीवाल्याला पत्र लिहिलं होतं. घरखर्च सेतुमाधवच चालवायचा, म्हणून आणखी एकदा क्लच गेला की पच्चैकिळी त्या गिरणीवाल्याला विकायची, असं आईसमोर ठरलं होतं. शर्यतीला दोन महिने राहिले होते. अप्पांनी गाडी आपल्याला दिली ती चूक केली, असं दादा म्हणतो, हेही तिनं सांगितलं.

राणोजीरावांनी तिसरी प्लेट चढवली, देवाचं पुरचुंडं बांधलं आणि पाय जपा म्हणाले. दुसरं काय म्हणणार? प्लेट जे सांगत होती तेच ते सांगत होते.

जानेवारीत पोंगल झाल्यावर ती परत आली. गाडी चालत होती, पण तिचा चेहरा असा होता की रंगानं लेथ बंद केला.

"मामा, वास येऊं लागलाय. आज तुम्ही माझ्या शेजारी बसा. माझा पाय बघा. पॅडलावर दिसला तर मी स्वतः गाडी कोइंबतूरला पोचवून येतें."

राणोजीराव बसले. पुदुपेटेतून माउंट रोड, तिथून समुद्राकाठचा रस्ता. उघड्या गाडीत एक पन्नाशीचे मिशाळ गृहस्थ गुडघ्यांत डोकं घालून बसलेले, आणि एक तरुण बाई झोकात गाडी हाकते आहे, हे दृश्य मरीनाच्या किनाऱ्यावर फिरायला आलेल्या लोकांनी त्या संध्याकाळी पाहिलं. एका सद्गृहस्थांनी सिग्नलला थांबून विचारलंही, की यांना ओकारी होतेय का, लिंबू हवं का.

राणोजीराव पाय पाहत होते. गिअर बदलायचा तेव्हा पाय उठायचा, पॅडल पार खाली जायचं, आणि मग पाय सरळ बाजूला चटईवर. सुबक, मोजका, नेमका पाय. असा डावा पाय त्यांनी आजवर पाहिला नव्हता, त्यांचा स्वतःचासुद्धा इतका नेमका नव्हता. दीपस्तंभापर्यंत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि नाकात जळक्या लायनिंगचा वास.

"थांबवा," ते म्हणाले.

ती उतरली आणि समुद्राकडे तोंड करून हाताची घडी घालून उभी राहिली. ते तिच्या जागी बसले. अनवाणी तळवा पॅडलवर ठेवला. पॅडलला मोकळीकच नव्हती! त्यांनी स्वतः ठेवलेली बोटभर जागा नाहीशी झालेली. पॅडल पुरतं वर येतच नव्हतं, कुणीतरी अदृश्य पाय टेकून बसल्यासारखं. ते डॅशबोर्डाखाली उताणे शिरले आणि वर पाहिलं. पॅडलचा दांडा परत येऊन ज्या लोखंडी अटकावाला टेकायला हवा, त्या दोघांच्या मधोमध हळद लावलेली अकरा नाणी पाचरीसारखी बसली होती, तीन गाठींनी घट्ट आवळलेली.

गाठी त्यांच्याच होत्या. मोकळीक तपासायची, चक्कर मारायची, आणि मग सगळ्यात शेवटी, हात धुऊन, देवाचं काम. तीनदा त्यांनी हेच केलं होतं. प्लेट खोटं बोलली नव्हती, क्लचवर पाय होताच. तो या पोरीचा नव्हता, इतकंच.

आता खरं सांगायचं तर तिथं उताणं पडल्या पडल्या राणोजीरावांच्या मनात एक लबाड विचार येऊन गेला. विद्युलता पाठमोरी होती. गाठ सोडायची, पुरचुंडं चार बोटं बाजूला बांधायचं, आणि बाहेर येऊन म्हणायचं, आतां तुमचा पाय सुधारला, अम्मा. गाडी वाचेल, शर्यत होईल, सत्तावीस वर्षांचं नावही राहील. कुणाचं काय बिघडतं? मग त्यांना तिची पाठ दिसली. चार महिने आपल्याच पायाचा संशय घेत जगलेल्या माणसाची पाठ होती ती, ताठ आणि फार दमलेली. राणोजीरावांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

ते बाहेर आले. वाळूत तिच्यासमोर उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. ती ऐकत राहिली. मग तिच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. राणोजीरावांना वाटलं रडते आहे. पण ती हसत होती, इतकी की शेवटी वाळूत बसली. "देव पाय ठेवून बसला होता मामा! देव!" आणि ते बघून राणोजीरावांनाही हसू फुटलं. लिंबूवाले सद्गृहस्थ पुन्हा तिथून जात होते, ते मात्र या वेळी काही विचारायला थांबले नाहीत.

खरी पंचाईत पुढेच झाली. राणोजीराव तिरुवल्लिकेणीला जाऊन सेतुमाधवासमोर उभे राहिले आणि म्हणाले, चूक माझी. सेतुमाधवाने त्यांना बसवलं, कॉफी दिली, आणि एका शब्दावर विश्वास ठेवला नाही.

"राणोजीराव, तुम्ही भला माणूस. विद्येसाठी दोष आपल्या डोक्यावर घेतां. पण अख्खें पुदुपेट सांगतें, तुम्ही कधीं चुकत नाहीं. प्लेट खोटें बोलत नाहीं, हें तुमचेंच वाक्य ना?"

झालं! सत्तावीस वर्षं जपलेलं नाव आता असं आडवं आलं. राणोजीराव आयुष्यात पहिल्यांदा, आपण मूर्ख आहोत हे दुसऱ्याला पटवून देण्यासाठी जीव तोडून बोलत होते. अंबुजामामी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "देवास काय ठाऊक पॅडल कुठें अडतें? बांधणाऱ्यानें बघावें." मामींना पटलं होतं. पण गाडीचा निकाल मामींच्या हातात नव्हता.

शेवटी राणोजीरावांनीच तोड काढली. सेतुमाधवाला पुदुपेटेत आणलं, बूट बाहेर काढायला लावले, आणि त्याच्यासमोर कोरी प्लेट बसवायला घेतली. प्लेटवर रिव्हेटांची डोकी लायनिंगच्या आत बुडालेली असतात. लायनिंग झिजलं की ती वर येतात. राणोजीरावांनी आगपेटीतली काडी त्या खळग्यात उभी धरली आणि नेमकी तेवढीच मोडली.

"ही काडी तुम्ही ठेवा, सार. शर्यत झाली कीं मी सगळ्यांदेखत प्लेट बाहेर काढतों. काडी खळग्यांत बुडाली, तर दोष माझा होता. काडीचें डोकें बाहेर राहिलें, तर गाडी कोइंबतूरला धाडा, आणि मी पुन्हा क्लचाला हात लावणार नाहीं."

रंगाच्या हातातला पाना खाली पडला. सेतुमाधवाने ती मोडकी काडी बँकेच्या लिफाफ्यात घातली, वर तारीख टाकली, सही केली. अंबुजामामींचं पुरचुंडं आरशाच्या दांडीला बांधलं गेलं, तिथं कुठंच काही अडत नव्हतं.

शोळावरम म्हणजे लढाईच्या काळातली मोडकी विमानाची धावपट्टी. फेब्रुवारीचं ऊन, तोंडात धूळ, आणि दोरीपलीकडे सारं मद्रास. बायकांच्या शर्यतीत सात गाड्या होत्या. झेंडा पडायच्या क्षणी राणोजीरावांनी डोळे मिटले, कारण क्लचचा जीव तिथंच जातो. भीतीनं पाय हळू सोडला तर प्लेट घसरत बसते, एकदम सोडला तर इंजिन बंद. त्यांनी नुसतं ऐकलं. सहा इंजिनं किंचाळली. सातव्यानं एकच हुंकार दिला आणि गाडी निघून गेली.

"राणोजी, डोळे उघड! आपली पोर पुढं आहे!" रंगा ओरडला.

ती पहिली आली नाही. शेवटच्या वळणावर एका ताकदवान गाडीनं तिला गाठलं. पण दुसरी आली, बारा फेऱ्या पुऱ्या करून. अंबुजामामींनी सईबाईंना मिठी मारली. दोघींची ओळख त्याच सकाळी बसमध्ये झाली होती. सेतुमाधव टाळ्या वाजवत नव्हता. खिशातला लिफाफा चाचपत होता.

सोमवारी पुदुपेटेत काम असं झालंच नाही. बोळाच्या तोंडाशी चाळीस-पन्नास माणसं, त्या दिवशी सगळी अनवाणी. राणोजीराव गाडीखाली गेले. गिअरबॉक्स उतरला, प्लेट बाहेर आली. त्यांनी ती हुंगली नाही, उजेडात धरली नाही, बघितलीसुद्धा नाही. तशीच सेतुमाधवाच्या हातात दिली. त्याच्या पांढऱ्या शर्टाला काळा डाग पडला.

सेतुमाधवाने लिफाफा फोडला. काडी एका खळग्यात धरली. मग दुसऱ्या, तिसऱ्या. सबंध चकती फिरवून, बँकेत सह्या तपासाव्यात तशी, त्याने सोळाच्या सोळा रिव्हेटा तपासल्या. काडी प्रत्येक ठिकाणी बुडत होती.

"बोला सार," रंगा म्हणाला. "कुणाचा पाय?"

"माझा!" राणोजीराव मोठ्यांदा म्हणाले. "माझा मूर्खाचा! पोरीच्या तीन प्लेटा मीं जाळल्या, आणि बोल तिला लावला. ऐका सगळे!" सगळ्यांनी ऐकलं. पुदुपेटेत असं यापूर्वी कुणीच कधी बोललं नव्हतं, त्यामुळे आधी कुणाला काय करावं ते कळेना, आणि मग एकदम टाळ्या पडल्या.

सेतुमाधव मात्र प्लेट हातात धरून तसाच उभा होता. मग तो बहिणीकडे वळला.

"विद्या, पांच महिने मी तुला ताटावर बसून बोललों. तूं खरें सांगत होतीस, आणि मी एकदांही तुझ्या गाडींत बसून बघितलें नाहीं." 

विद्युलतेने पाच महिने या क्षणासाठी उत्तरं घोकून ठेवली होती, चांगली धारदार. त्यातलं एकही तिला आठवेना. तिने त्याच्या हातातली प्लेट काढून घेतली, राणोजीरावांना दिली, आणि म्हणाली, "दादा, गिअरबॉक्स जड असतो. मामांना एकट्यानें उचलवत नाहीं. तूं एक बाजू धर."

बँकेतल्या त्या अधिकाऱ्याने बाह्या सारल्या आणि गाडीखाली शिरला. दोन तास लागले. गाडी बोळातून बाहेर निघाली तेव्हा त्याच्या कपाळापासून कोपरापर्यंत ग्रीस होतं, आणि तो बहिणीच्या शेजारच्या बैठकीवर बसून, वारा लागतो म्हणून लहान मुलासारखा हसत होता.